लॅब्रॅडॉरला रोज किती घालायचं?

गावात कुत्र्याला कोणी मोजून घालत नाही. आपलं गावठी कुत्रं दिवसभर हिंडतं, चार घरचं उरलंसुरलं खातं आणि तरी त्याच्या बरगड्या मोजता येतात. हेच पाहत मोठी झालेली माणसं घरात लॅब्रॅडॉर आला की त्यालाही तोच न्याय लावतात. मग वर्ध्याकडच्या काय किंवा यवतमाळकडच्या काय, कुठल्याही मोठ्या गावात एक तरी कुत्रा दिसतो: वय दोन-तीन वर्षं, कंबर नावाला नाही, ओसरीवर धापा टाकत पडलेला, पण कोणी ताट घेऊन बसलं की सगळ्यात आधी हजर. मालक कौतुकानं सांगतो, "खाण्याले लय पक्का हाये." कौतुक इथंच थांबवायला हवं, कारण लॅब्रॅडॉरची भूक आणि त्याच्या शरीराची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे नुसतं माझं मत नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्य एलिनॉर रॅफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक बारीकसा तुकडा गळालेला असतो. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे शरीरात पुढे लहान लहान भाग होतात आणि त्यातले काही भाग मेंदूला 'आता पुरे' असा निरोप पोचवतात. तुकडा गळाला की त्यातले दोन भाग नीट तयारच होत नाहीत. त्यांनी तपासलेल्या लॅब्रॅडॉरपैकी साधारण चारातल्या एकामध्ये हा दोष निघाला, आणि दोषी जनुकाच्या दर प्रतीमागे वजन सरासरी २ किलोनं जास्त भरलं. फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हर या भाऊबंदातही तो सापडला. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये मात्र नाही. गोल्डन जाड होतो तो दुसऱ्या कारणांनी, आणि त्या कारणांत आपला हात बराच वर आहे.

गंमत म्हणजे अपंग माणसांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हाच दोष पाऊण हिश्शाहून जास्त कुत्र्यांत निघाला. खाण्यासाठी काहीही करायला तयार असलेला कुत्रा शिकवायला सोपा, म्हणून पिढ्यानपिढ्या तोच निवडला गेला असावा.

याच संशोधकांचं २०२४ चं काम मला जास्त उपयोगाचं वाटतं. त्यांनी कुत्र्यांना दर वीस मिनिटांनी खाणं देत राहून पाहिलं, ते स्वतःहून नको म्हणेपर्यंत. सगळ्याच कुत्र्यांनी भरमसाट खाल्लं, पण दोष असलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त खाल्लं नाही. म्हणजे त्यांचं पोट भरतं. फरक पडतो तो नंतर. नाश्ता दिल्यावर काही तासांनी पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवला, झाकणाला भोकं, वास येतो पण तोंडी लागत नाही. दोष असलेली कुत्री त्या डब्यामागं कितीतरी जास्त वेळ लागून राहिली. भूक त्यांना लवकर परत लागते. आणि वर भर म्हणून, बसल्या जागी त्यांचं शरीर इतरांपेक्षा साधारण २५ टक्के कमी ऊर्जा जाळतं. खायला जास्त मागायचं आणि जाळायचं कमी, असा दुहेरी मार.

डिझेल टाकी भरलेली असताना काटा शून्यावर अडकलेला ट्रॅक्टर घेऊन कोणी दर चौकात डिझेल भरत बसत नाही. काट्याकडे न पाहता किती तास चालला यावरून हिशेब ठेवतो. लॅब्रॅडॉरचंही तसंच करायचं.

आमची ज्युली वाटीतलं संपल्यावर वाटी चाटत चाटत पूर्ण ओसरीभर ढकलत नेते. वाटी कूलरच्या पायाला जाऊन अडकली की मान वर करून अशी पाहते की नवखा माणूस लगेच उठून भाकर आणेल. ते पाहणं खरं असतं, तिला खरंच भूक वाटत असते. पण तिच्या अंगाला त्या भाकरीची गरज नसते.

आता कोणी म्हणेल, जाड झाला तर झाला, काय बिघडतं? याचं उत्तर खुद्द लॅब्रॅडॉरवरच शोधलं गेलं आहे. प्युरिना या पशुखाद्य कंपनीनं ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं घेतली, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या, आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं. हे शेवटपर्यंत, सुमारे १४ वर्षं चाललं. २००२ मध्ये निकाल छापून आला. जास्त खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री गेली ते वय) ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३ वर्षं. जास्त खाणारी काही फार लठ्ठ नव्हती. आपण ज्याला 'चांगलं अंगावर आहे' म्हणतो, तशीच. तरी त्यांचे सांधे लवकर धरले आणि म्हातारपणाची औषधंही लवकर सुरू करावी लागली.

आपल्याकडे त्यात उन्हाची भर. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा दुहेरी केसांच्या लॅब्रॅडॉरला आधीच जड जातं. त्यावर चरबीचा थर असेल तर उष्माघाताचा धोका सरळ वाढतो.

बरगडी पाहा, मग वाटी

किती घालायचं हे ठरवण्याआधी कुत्रा आत्ता कसा आहे ते पाहावं लागतं, आणि त्याला काटा लागत नाही. स्वतःचा हात पुरतो. एका हाताची मूठ घट्ट वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या गाठींवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा हडकलेला. आता मूठ सोडून पंजा सरळ धरा आणि तळहाताची बाजू, बोटांच्या बुडाशी, दाबून पाहा. हाडं आहेत हे कळतं, पण वर गादी आहे. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा जाड. आता पंजा उलटा करून मागची बाजू चाचपा: हलक्या हाताला प्रत्येक हाड वेगळं लागतं, वर पातळ आवरण असतं. लॅब्रॅडॉरच्या बरगड्या अशा लागायला हव्यात.

मग वरून पाहा. बरगड्या संपल्या की कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूनं पाहा. पोट मागच्या पायांकडं वर चढत गेलं पाहिजे. पशुवैद्य हेच ९ गुणांच्या पट्टीवर मोजतात, ४-५ म्हणजे उत्तम, आणि ५ च्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जास्त वजन. लॅब्रॅडॉरचे केस दाट असतात, म्हणून नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवू नका. हात लावा. गावात असा नीट कमावलेला लॅब्रॅडॉर दिसला की लोक हमखास म्हणतात, "काहून रे, उपाशी ठेवतं काय त्याले?" हे बोलणं आलं की समजा, तुमचं बरोबर चाललं आहे.

वजनासाठी गावात सोय आहेच. सोयाबीन-कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याकडं प्लेटचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्यावर कुत्रा दोन मिनिटं बसवला की झालं. काटा छोटा असेल तर कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा आणि मग आपलं वजन वजा करा. पूर्ण वाढलेला नर लॅब्रॅडॉर साधारण २९ ते ३६ किलो, मादी २५ ते ३२ किलो. पण खरी खूण बरगडीच. हाडापेरानं लहान कुत्रा ३२ किलोलाही जाड असू शकतो.

मोबाईलवरचा हिशेब

समजा मादी आहे, नसबंदी झालेली, आणि तिचं योग्य वजन २८ किलो असायला हवं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर २८ ला २८ नं गुणा, पुन्हा २८ नं गुणा: २१,९५२. आता वर्गमूळाचं बटण एकदा दाबा, १४८ च्या आसपास येईल. परत दाबा, १२.१७. त्याला ७० नं गुणा. ८५२ आलं. नुसतं पडून राहायला, श्वास घ्यायला, अंग गरम ठेवायला तिला दिवसाला एवढ्या कॅलरी लागतात.

ती काही नुसती पडून राहत नाही, म्हणून याला पुढं एका आकड्यानं गुणायचं. नसबंदी झालेली आणि सकाळ-संध्याकाळ बऱ्यापैकी फिरणारी असेल तर १.६, नसबंदी झालेली नसेल तर १.८. दिवसभर अंगणात आणि ओसरीवरच असेल तर मी १.४ धरतो, म्हणजे साधारण १,२०० कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर १, म्हणजे ८५२ च. नसबंदीनंतर गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, म्हणून ऑपरेशनच्या टाक्यांबरोबरच वाटीचं मापही बदला.

इथं एक गोष्ट बहुतेकांची चुकते. गणितात घालायचं ते असायला हवं ते वजन, आहे ते नव्हे. ३६ किलोच्या जाड कुत्रीला ३६ च्या हिशेबानं घातलं तर ती ३६ चीच राहील. खाद्याच्या पाकिटामागचा तक्ताही तसाच वाचायचा, आणि त्यातला खालचा आकडा धरून सुरुवात करायची. हे सगळं गणित म्हणजे सुरुवातीचा अंदाज आहे. त्याच वजनाची दोन कुत्री सारखंच खाऊन एक वाळतं, एक फुगतं. दोन-तीन आठवडे एक माप ठेवा, परत काट्यावर न्या, बरगडी चाचपा आणि मग दहावा हिस्सा कमी-जास्त करा.

१,२०० कॅलरी म्हणजे ताटात किती? कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी असतात (पाकिटावर लिहिलेलं असतं, तो आकडा पाहा). म्हणजे ३४० ग्रॅम, दिवसभराचं, दोन वेळचं मिळून. हे किराणा दुकानात एकदा काट्यावर तोलून घ्या आणि घरच्या स्टीलच्या डब्यात ओतून जिथवर येतं तिथं खूण करा. 'दोन वाट्या' या मापाला काही अर्थ नाही. आईची वाटी वेगळी, पोराची वेगळी, आणि शीग भरली की अजून वेगळी.

बहुतेक घरांत अर्धं विकतचं, अर्धं घरचं चालतं. त्यात वावगं काही नाही. २०० ग्रॅम कोरडं खाद्य म्हणजे ७०० कॅलरी. ८० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर पावणेतीनशेच्या आसपास, उकडलेलं अंडं ७५, बिनहाडाचं उकडलेलं चिकन १०० ग्रॅम म्हणजे १६५. झाले १,२००. वरून मीठ-मसाला न घालता शिजवलेली दुधी किंवा लाल भोपळा वाटीभर टाकला तर ताट भरल्यासारखं दिसतं, कुत्र्याचं पोटही भरतं आणि कॅलरी नावालाच वाढतात. भुकेल्या लॅब्रॅडॉरसाठी दुधीसारखी स्वस्त चीज नाही.

नुसत्या भाकर-दुधावर मात्र ठेवू नका. त्यात प्रथिनं कमी पडतात, जस्त आणि इतर खनिजं कमी पडतात, आणि केस निस्तेज होऊन गळायला लागतात. पूर्णपणे घरचंच घालायचं असेल तर त्यात काय मिसळायचं ते पशुवैद्याकडून लिहून घ्या. म्हशीचं दूध एक पेलाभर दिलं की २०० च्या वर कॅलरी जातात, आणि वयानं मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना ते पचतही नाही.

सगळ्यांचा लाडका

इतका हिशेब करूनही कुत्रा जाड होतो तो वाटीबाहेरच्या खाण्यानं. पाच माणसांचं घर धरा. सकाळ-संध्याकाळच्या चहाला प्रत्येकानं एकेक ग्लुकोज बिस्कीट दिलं तर दहा बिस्किटं, दोनशेच्या वर कॅलरी. पहिली पोळी गाईला, शेवटची कुत्र्याला, हा आजीचा नेम; अर्धी भाकर धरली तरी सव्वाशेच्या पुढं. दोन्ही मिळून दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा झाला, आणि विचारलं तर प्रत्येकजण खरं बोलतो: "मी तं एकच बिस्कीट देल्लं."

सणाचं तर विचारूच नका. पोळ्याला बैलांसोबत त्यालाही पुरणपोळी, तीही तूप लावून. एक साधी तीनशेच्या घरात जाते, दोन खाल्ल्या की अर्धा दिवस संपला. शेतात रोडग्यांचं जेवण असलं की चार जणांच्या पानातले चार तुकडे. महालक्ष्म्यांच्या पंगतीला तर मोजणारा कोणी नसतोच.

वाटीबाहेरचं सगळं मिळून दिवसाच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवायचं, म्हणजे वरच्या हिशेबातल्या १,२०० कॅलरीवाल्या कुत्रीला १२०. आणि तेवढं मूळ खाण्यातून कमी करायचं. घरातल्यांना 'देऊ नका' म्हणून काही होत नाही, विशेषतः आजीला. त्यापेक्षा डब्याची युक्ती चालते. दिवसाचं सगळं खाद्य सकाळी एका डब्यात मोजून भरायचं. ज्याला लाड करायचे त्यानं त्याच डब्यातून चार दाणे द्यायचे. शेवटच्या भाकरीचा तुकडाही त्याच हिशेबात. डबा संपला की दिवस संपला. आणि डबा द्यायचा कोणाच्या ताब्यात? जो सगळ्यात जास्त खाऊ घालतो त्याच्याच. आमच्याकडं आजीच्या. आता दुसरं कोणी बिस्कीट काढलं की तीच ओरडते, "कायले देतं रे? डब्बा माह्याजवळ हाये नं."

शेतघरी राहणाऱ्यांना आणखी एक पहारा लागतो: गोठा. लॅब्रॅडॉर ढेपीच्या घमेल्यात हमखास तोंड घालतो. सरकीच्या ढेपीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाई-म्हशींचं पोट त्याचा बराचसा बंदोबस्त करतं, कुत्र्याचं नाही. रोज रोज खाल्लं तर हृदयावर परिणाम होतो. ढेप उंचावर किंवा झाकून ठेवा. वरूड-मोर्शीकडं बागेत गळालेली संत्री खातात. सोललेल्या दोन-चार फोडींनी काही होत नाही, सालीसकट टोपलंभर खाल्ली तर होतं. आंब्याची कोय आतड्यात अडकू शकते. कांदा आणि लसूण, कच्चा किंवा शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणून झुणका, फोडणीचं वरण आणि सावजी रस्सा बंद. द्राक्षं, मनुका, चॉकलेट बंद. शिजलेली हाडं बंद, ती टोकदार फुटतात.

खायला घालायच्या पद्धतीनंही फरक पडतो. लॅब्रॅडॉर वाटी मिनिटभरात साफ करतो आणि मग भुकेला राहतो. तेच खाद्य आप्पेपात्राच्या खळग्यांत टाका, किंवा झाडलेल्या स्वच्छ अंगणात दूरदूर फेका. हुंगत, शोधत, दाणा दाणा वेचत त्याचे पंधरा-वीस मिनिटं जातात. खाणं तेवढंच. दिवसाचं दोनदा द्या, फारच मागणारा असेल तर त्याच मापाचे तीन भाग करा. एकदम मोठं जेवण आणि लगेच धावपळ नको, मोठ्या छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जीवावर बेततो. उन्हाळ्यात सकाळी उजाडताच आणि रात्री ऊन उतरल्यावर घाला. मे महिन्यात फिरणं कमी झालं की मापही कमी करा.

पिल्लांचं थोडं वेगळं आहे. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन. पण पिल्लू गुबगुबीत दिसावं म्हणून ठासू नका. मोठ्या जातीचं पिल्लू फार झपाट्यानं वाढलं तर कंबरेचे सांधे बिघडण्याची शक्यता वाढते. आणि हाडं मजबूत व्हावीत म्हणून वरून कॅल्शियमचं औषध पाजायची पद्धत तर साफ चुकीची. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, सगळं आत जातं आणि हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजूनच घातलेलं असतं.

वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला १ टक्का उतरलं तरी पुष्कळ. ३६ किलोच्या कुत्र्याचं महिन्याला दीड किलो. रोजचंच खाद्य अर्ध्यावर आणलं तर कॅलरीबरोबर प्रथिनं आणि खनिजंही अर्धी होतात, म्हणून फार उतरवायचं असेल तेव्हा त्यासाठीचं वेगळं खाद्य मिळतं ते पशुवैद्याला विचारून घ्या. दोन महिने काटेकोर मोजूनही वजन हलत नसेल, कुत्रा सुस्त असेल, दोन्ही बाजूंचे केस विरळ होत असतील तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. उलट, भूक अचानक वाढली आणि वजन घटतंय, पाणीही फार पितोय, तर मधुमेह असू शकतो, आणि जंतही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात या तपासण्यांची सोय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पशुवैद्यकीय संस्था आहे. जाताना दोन-तीन आठवड्यांच्या वजनाची वही आणि खाद्याच्या पाकिटाचा फोटो सोबत न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.